मुरूम कुठला?

आमच्या बजाजनगरात पाऊस उघडला की साईडपट्ट्या भरायचं काम निघतं. डांबर आणि गटार यांच्यामधली दीड-दोन हातांची ती पट्टी जूनमध्ये खचते, ऑगस्टमध्ये तिच्यात मोटारसायकली रुततात आणि दसऱ्याच्या आगेमागे एखादा टिप्पर येऊन ढीग ओतून जातो. दोन दिवस त्यावरून वर्दळ झाली की पट्टी बसते. रोलर वगैरे भानगड नाही. तीन पाळ्यांत कंपनीला जाणाऱ्या माणसांची चाकं हाच रोलर.

अशाच एका ढिगात, मोहटादेवी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मला एक खापर दिसलं. खापरं कुठल्याही मातीत असतात. फुटक्या माठाला कोण विचारतो? पण आदल्या रात्री सर येऊन गेली होती, माती धुऊन निघाली होती आणि त्या तांबड्या तुकड्यावर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघांची जाळी काढलेली होती. अर्ध्या तळहाताएवढा तुकडा, पुठ्ठ्याहून थोडा जाड. नखाने टिचकी मारली तर खण्ण वाजला. कोपऱ्यावर माठ विकायला बसणाऱ्या कुंभाराला दाखवला. त्यानं उलटासुलटा करून पाहिला, कड ओठाला लावली आणि म्हणाला, ‘‘आमचं नाही हे. एवढं पातळ काढून एवढं कडक कोण भाजतंय आता?’’

इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक सर ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे नेला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तुकडा खिडकीशी धरला. ‘‘जोर्वे वाटतंय. पण मी असं म्हणालो म्हणून लिहू नका.’’ मग विचारलं, ‘‘कुठून आणलंत?’’

‘‘रस्त्यावरून.’’

‘‘रस्त्यावर कुठून आलं?’’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सरांनी तुकडा परत माझ्या हातावर ठेवला. ‘‘मग हे शोभेचं आहे,’’ म्हणाले. ‘‘टेबलावर ठेवा.’’

राग आला खरा. जोर्वे म्हणजे काय ते थोडंफार माहीत होतं. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथे 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या एका मोठ्या संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. इ.स.पू. 1400 ते 700 हा तिचा काळ. चाकावर घडवलेली तांबडी भांडी, वर काळ्या रंगाची भूमितीतली नक्षी, लांब तोटीचे चंबू, आणि टिचकी मारली की धातूसारखा आवाज. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी घरातला हा तुकडा असेल तर तो शोभेचा कसा?

पण सरांचं बरोबर होतं. खापर एकटं काही बोलत नाही. कुठल्या टेकाडात, किती खोल, कुठल्या थरात, शेजारी राख होती की हाड, हे कळलं तर ते बोलतं. टिप्परमध्ये भरताना नेमकं तेच पुसलं गेलं होतं.

मग मी मुकादमाला गाठलं. ‘‘मुरूम कुठला?’’ तो हसला. ‘‘मुरूम म्हणजे मुरूम. कुठला काय?’’ हिशेब ब्रासवर असतो, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. रॉयल्टी भरली की पावती मिळते, पावतीवर गट नंबर असतो. आता पावती एका गटाची आणि माती दुसऱ्या गटाची, असं या धंद्यात कधी होतच नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. शेवटी एवढंच हाती लागलं : ‘‘गंगापूरच्या अंगाला कुठंतरी एका गावरस्त्याचं काम चालू होतं, तिथली उरलेली.’’

म्हणजे माझं खापर शहरातल्या रस्त्यावर आलं होतं ते खेड्यातल्या रस्त्याचं उष्टं म्हणून.

तेव्हापासून गावरस्ते पाहण्याचं वेड लागलं. आपल्याकडे रस्त्यांचीही उतरंड आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, मग प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, त्याखाली इजिमा म्हणजे इतर जिल्हा मार्ग, आणि सगळ्यात शेवटी ग्रामीण मार्ग. कागदावर नुसतं ‘ग्रामा’ आणि पुढे नंबर. मोठ्या महामार्गाला पर्यावरणाचा अहवाल लागतो. 2006 च्या अधिसूचनेत त्याची कलमं आहेत आणि वाटेत कुठलं प्राचीन स्थळ येतं का, हा प्रश्न निदान अहवालात तरी येतो. गावरस्त्याचा त्या यादीत पत्ताच नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांच्या नावाची आली 2015 मध्ये. शिवाय पाणंदी आहेत, शेतरस्ते आहेत. एकेक रस्ता दोन-तीन किलोमीटरचा, पण सगळ्यांची बेरीज केली तर कुठल्याही महामार्गाहून किती तरी जास्त जमीन यांनी उकरली आहे.

या रस्त्यांसाठी कुणी पाहणी करतच नाही असंही नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ‘ट्रान्सेक्ट वॉक’ नावाची शिवारफेरी सांगितलेली आहे. सरपंच, पंच, तलाठी, कनिष्ठ अभियंता आणि गावातली माणसं आखणीवरून चालत जातात. कुणाची जमीन जाते, ओढा कुठे आडवा येतो, झाडं किती, देवळाचा ओटा वाटेत आहे का, हे बघतात. कल्पना फार चांगली. मी गेलो त्या फेरीत सगळा वेळ मात्र एका बांधावर गेला. योजनेत जमिनीला मोबदला नाही, लोकांनी राजीखुशीने द्यायची. आता राजीखुशीचा मामला म्हटल्यावर दोन भावांमधला वीस वर्षांचा वाद त्या बांधावर बाहेर पडणारच. साहेब घड्याळ बघत होते. उरलेली फेरी जीपमधून झाली.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. कारण पुढे येईलच.

आखणी टेकाडाला वळसा घालून जात होती, म्हणजे फेरीत आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतंच. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा रस्ता झाला होता आणि टेकाडाचा अर्धा भाग गेला होता. रस्ता त्याच्यावरून गेला नव्हता. टेकाडच रस्त्यात गेलं होतं. जेसीबीने सरळ कापलेली दोन पुरुष उंचीची भिंत उन्हात उभी होती. वर वीतभर मुळं असलेली माती. खाली राखाडी, भुसभुशीत थर. मग बोटभर जाडीची काळी राख, चुलीतून काढून पसरावी तशी. तिच्याखाली चोपून बसवलेल्या जमिनीची आडवी रेघ, शेणाने सारवलेली असावी इतकी सपाट. रेघेच्या वर एका भांड्याचा काठ अर्धा बाहेर आलेला, शेजारी गुराच्या दाताची ओळ. त्याखाली पुन्हा राख, पुन्हा जमीन. घरावर घर, घरावर घर. ते सातवाहनांच्या वेळचं असेल, यादवांच्या किंवा त्याच्याही अलीकडचं असेल. ठरवणारा माणूस जेसीबीच्या आधी तिथे यायला हवा होता.

तिथे शेळ्या राखणाऱ्या म्हातारीला विचारलं, ‘‘मावशी, या टेकाडाला काय म्हणतात?’’

‘‘पांढरी की.’’ एवढंही कळत नाही का, असा चेहरा.

मला वाटतं, या साऱ्या प्रकरणाची किल्ली या एका शब्दात आहे. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या कागदांत गावाची हीच विभागणी असते. माणसं एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली की मातीच्या भिंती ढासळतात, चुलीची राख साठते, शेण, कोंडा, हाडं कुजतात, आणि त्या जागेची माती पांढरट, भुसभुशीत होते. वस्ती उठून गेली तरी रंग राहतो. पुरातत्त्वातले लोक जिथे रंग, राख आणि खापरं पाहून ‘इथे वसाहतीचं स्थळ आहे’ असं नोंदवतात, तिथे आपल्या आजीने आधीच नाव ठेवलेलं असतं : पांढरीचं वावर, गढीचं रान, खापराची टेकडी. ही माती धाब्याच्या घरावर घालायला नेत. खत म्हणून शेतातही टाकत. पाटीने नेत, डोक्यावरून. शंभर वर्षांत पाट्यांनी जेवढी गेली नसेल तेवढी आता एका दुपारी जाते.

आणि ती रस्त्याला का जाते, याचं कारण मला एका तरुण अभियंत्याने समजावलं. मराठवाड्याची काळी माती रस्त्याची वैरीण आहे. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं. रस्त्याखालची माती चार दिवस पाण्यात भिजत ठेवून तिची ताकद मोजतात, त्यात काळी नापास होते. मग भरावाला दुसरी माती आणायची. चांगला मुरूम जवळ असला तर ठीक. तो लांब असला, वाहतूक परवडेना, तर जवळात जवळ काळी नसलेली, सहज खणता येणारी आणि कुणाच्या पिकाखाली नसलेली माती कुठली? ‘‘सर, आम्ही मातीला दोनच गोष्टी विचारतो,’’ तो म्हणाला, ‘‘फुगशील का, आणि किती लांब आहेस.’’ पोरगा हुशार होता. वय विचारायला त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

म्हणून रस्त्याआधीची पुरातत्त्वीय पाहणी म्हणजे नुसती आखणीवरून केलेली फेरी, हे मला पटत नाही. गावरस्ता साडेसात मीटर रुंदीत बसतो. वर्दळ कमी असेल तर सहा मीटरमध्येही. त्या पट्ट्यात काही सापडायचं नशीब किती? खरं नुकसान होतं ते माती जिथून उचलली त्या खड्ड्यात, आणि तिथे शिवारफेरी जातच नाही. तो खड्डा महसूल खात्याच्या कागदावर असतो. गौण खनिज, 2013 चे नियम, अर्ज, पंचनामा, परवाना. त्या पंचनाम्यात विहीर किती अंतरावर, वस्ती किती अंतरावर हे लिहिणारा माणूस आणखी एक ओळ लिहू शकतो : या गटाला गावात काय म्हणतात? एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही, फार तर एक परिपत्रक.

कायदे तसे पुष्कळ आहेत. 1958 चा केंद्राचा, 1960 चा राज्याचा. 2010 च्या दुरुस्तीने केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण कायद्यातच आलं. पण हे सगळं संरक्षित स्मारकासाठी, ज्याच्याजवळ निळी पाटी लागली आहे त्याच्यासाठी. गावोगावच्या पांढरीला पाटी नाही. राहिला 1878 चा निखात निधीचा, म्हणजे गुप्तधनाचा, इंग्रजी कायदा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा, असं तो आजही सांगतो. माझ्या खापराला बजाजनगरात दहा रुपये कोण देईल? वडापावसुद्धा येणार नाही त्यात.

आपला भाग याबाबतीत किती श्रीमंत आहे हे आपल्यालाच आठवत नाही. बजाजनगरातून पुण्याची एस.टी. पकडा. वाळूज, गंगापूर फाटा, कायगाव टोका, आणि गोदावरी ओलांडली की प्रवरासंगम. पुढे नेवासे. तिथे 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजने खणलं, आणि प्रवरेच्या काठावरच्या वाळूगोट्यांत मिळालेली हत्यारं लाखो वर्षांपूर्वीच्या माणसापर्यंत नेऊन पोचवतात. जवळच चिरकीला 1966 पासून गुड्रुन कॉर्विनस या जर्मन बाईंनी दगडी कुऱ्हाडी वेचल्या. नदीकाठचे असले गोटे खडीच्या ढिगात टाकले तर तुम्हाआम्हाला फरक कळणार नाही. कुणी सांगावं, कुठल्या पुलाच्या काँक्रीटमध्ये किती कुऱ्हाडी बसल्यात.

प्रवरेवरच श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद. हे स्थळ 1958 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बोपर्डीकरांना सापडलं. पुढे देशपांडे, राव आणि साळी यांनी तीन वेळा उत्खनन केलं, आणि एकावर एक पाच संस्कृतींचे थर निघाले. पण दायमाबाद जगाला माहीत झालं ते 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याने झाडाचं खोड उपटायला खणलं तेव्हा. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडी जुंपलेला रथ. भरीव कांस्याच्या चार वस्तू, वजन साठ किलोंहून अधिक. रथ 45 सेंटिमीटर लांब, त्यावर उभा माणूस. त्या शेतकऱ्याच्या हाती त्या दिवशी कुदळीऐवजी जेसीबी असता तर? बकेटभर मातीत चार वस्तू चार ब्रासांत वाटल्या गेल्या असत्या. नशिबाने त्या सापडल्या, पण उत्खननातल्या थरात सापडल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वान अजून भांडतात. साठ किलो कांस्याचीही शेवटी माझ्या खापरासारखीच गत. कुठून आलं?

दुसऱ्या बाजूला पैठण. सातवाहनांचं प्रतिष्ठान. तिथे निजामाच्या राज्यात 1937 मध्ये खणलं गेलं, पुढे 1965 मध्ये, आणि 1996 ते 1999 मध्ये भारतीय व ब्रिटिश अभ्यासकांनी मिळून. भोकरदन म्हणजे सांचीच्या दानलेखांतलं भोगवर्धन. तिथे नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून 1973 मध्ये उत्खनन केलं आणि एका हस्तिदंती मूर्तीचा तुकडा निघाला. तसली एक मूर्ती इटलीतल्या पाँपेईत ज्वालामुखीच्या राखेखाली सापडलेली आहे. भोकरदन आणि पाँपेई यांच्यात काही धागा असावा, असं आज म्हणता येतं ते भोकरदनची पांढरी शिल्लक राहिली म्हणून.

मोठ्या धरणांच्या वेळी घाईघाईने का होईना, उत्खननं झाली आहेत. नागार्जुनकोंडा हे त्याचं ठळक उदाहरण. बुलढाण्यात पूर्णाकाठच्या भोन इथे डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांनी विटांचा स्तूप उजेडात आणला तो जिगाव प्रकल्पाच्या पाण्याच्या धाकातच. धरणाला तारीख असते, पाणी चढताना दिसतं. गावरस्ता इतका लहान आणि इतका सर्वत्र असतो की त्याच्याविरुद्ध बातमीही होत नाही.

बरं, रस्त्याविरुद्ध लिहायचंच कशाला? त्याच गावात मला एका घरी ती बाज दाखवली होती, जिच्यावर घालून पावसाळ्यात बाळंतिणीला चिखलातून डांबरीपर्यंत नेत. चार माणसं, गुडघाभर काळी. ज्याने ती बाज खांद्यावर घेतली त्याला जाऊन सांगा की थांब, इथे आधी खापरं वेचायची आहेत. सरपंच स्पष्ट बोलले : ‘‘काही निघालं तरी आम्ही बोलत नाही. पुरातत्त्ववाले आले की सातबाऱ्यावर काहीतरी चढतं. पैठणला घरावर मजला चढवायचा तर परवानगी लागते, ऐकलंय ना तुम्ही?’’ ऐकलं होतं. दुसरी भीती गुप्तधनवाल्यांची. पांढरीत काही निघालं अशी आवई उठली की अमावास्येला लिंबू-नारळ घेऊन कुदळी येतात. म्हणून गावाचं नाव लिहिलं नाही.

रस्ताही हवा आणि पांढरीही, यातून इतरांनी वाट काढली आहे. अमेरिकेत 1966 च्या कायद्यातलं 106 वं कलम साधं आहे. केंद्राचा पैसा ज्या कामाला लागला, ते काम लहान असो वा मोठं, आधी वारशाचा विचार करायचा. त्यामुळे मक्याच्या शेतांमधल्या कच्च्या सडकेच्या रुंदीकरणालाही कुणी तरी फावडं घेऊन ठरावीक अंतरावर खड्डे घेतं, माती चाळणीतून चाळतं. इंग्लंडमध्ये 1990 पासून बांधणाऱ्यानेच पाहणीचा खर्च सोसायचा हा पायंडा पडला. अलीकडे केंब्रिजजवळच्या ए-14 या एका रस्त्यावर अडीचशेपर्यंत पुरातत्त्वज्ञ राबत होते. ते आकडे ऐकून आपल्याकडचा अभियंता हसेल, आणि हसावंच. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. बहुतेक पाहण्यांत काहीच सापडत नाही. ‘काही नाही’ असा एक पानी कागद लागतो, आणि काम दुसऱ्या आठवड्यात सुरू होतं. पाहणी म्हणजे स्थगिती, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की लोक पाहणीलाच भितात.

पाहणी प्रत्यक्षात कशी असते ते मी एका हिवाळ्यात विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर चालून पाहिलं. तूर काढलेलं रान. पाच-सात पावलांवर एकेक माणूस, सगळे एका रेषेत, नजर खाली. खापर दिसलं की उचलायचं, मोबाइलवर जागा नोंदवायची, पिशवीवर नंबर. ओढ्याच्या कापात खुरप्याने माती खरवडून थर पाहायचे. पहिला तासभर गोटे आणि प्लास्टिक. मग एका ठिकाणी मातीचा रंग उतरला, पायाखाली भुसभुशीत लागलं, आणि तीन जणांनी एकदमच वाकून काही तरी उचललं. तिथून पुढे वीस पावलं खापरंच खापरं. पुन्हा काळी लागली तशी ती थांबली. एवढंच. दोन किलोमीटरला एक सकाळ गेली. खर्च तिघांचा चहा, भजी आणि पेट्रोल.

परत येताना त्यातली मुलगी म्हणाली, ‘‘सर, खरं तर निम्मी यादी तयारच आहे.’’ महसुलात ‘बेचिराख’ म्हणून गावं असतात. चिराग म्हणजे दिवा, जिथे दिवा लागत नाही ते बेचिराख. दुष्काळात, पेंढाऱ्यांच्या धाकाने, पटकीच्या साथीत उठून गेलेली गावं. माणूस एकही नाही, पण मौजा कागदावर आहे, शीव आहे, सर्व्हे नंबर आहेत. अशी बहुतेक गावं त्याआधीच्या कुठल्या ना कुठल्या गावावर वसलेली असणार. ती यादी गौण खनिजाच्या टेबलावर असती तर निम्म्या पांढरींना जेसीबी लागला नसता. आज ती दोन टेबलं एकाच कचेरीत आहेत आणि त्यांची गाठ पडत नाही.

मी एका भूमी अभिलेख कार्यालयात गेलो. जुन्या गावनकाशाच्या नकलेचा अर्ज लिहिला, फी भरली. काउंटरवरच्या बाबूंनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं.

‘‘शेतरस्त्याचा वाद आहे का?’’

‘‘नाही. का?’’

‘‘जुना नकाशा मागायला दुसरं कोण येतं?’’ त्यांनी कपाटातून कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला कागद काढून टेबलावर पसरला आणि पेनाचं टोपण एका रिकाम्या जागेवर ठेवलं. चारी बाजूंनी सर्व्हे नंबर, मधे काहीच नाही, नुसती एक ठिपक्यांची गोल रेघ.

‘‘ही पांढरी,’’ ते म्हणाले. ‘‘इथून काढायचाय का रस्ता?’’